फोन नव्हता ऐकत

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. शिमग्यात देवाची पालखी दारात येते, आपण ओटी भरतो, गुरव सगळ्या घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि मी हात जोडून उभी असते. तेव्हासुद्धा मनातल्या मनात ही एक गोष्ट मी बाजूला सरकवते. देवाला काय कळत नसेल? पण मी आपली सरकवते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या घरी तुमचं येणंजाणं नाही. म्हणजे इथेही भित्रेपणाच की!

परवा आमच्या महिला मंडळात रत्नागिरीच्या कॉलेजातल्या एक बाई बोलायला आल्या होत्या. मोबाईल, आपली खाजगी माहिती, मोठ्या कंपन्या ती कशी गोळा करतात — असा विषय. बाई चांगल्या बोलल्या. पण खरा रंग भरला तो नंतर. एक म्हणाली, मी नुसतं मिक्सर बिघडलाय म्हटलं, तर संध्याकाळी फोनवर मिक्सरच मिक्सर. दुसरीच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं तसंच. मग काय, जिला तिला आठवायला लागलं. फोन ऐकतो, फोन ऐकतो. बाई सांगत होत्या की ऐकतच असेल असं नाही, न ऐकताही त्यांना पुष्कळ कळतं — पण बायका ऐकतायत थोड्याच! आणि सगळ्यात मोठ्याने कोण बोललं असेल? मी. उठून उभी राहिले चांगली. कुठे तरी सातासमुद्रापार बसलेल्या माणसांना आमच्या चुलीपर्यंत यायचा काय अधिकार, असं म्हटलं. टाळ्या पडल्या हो.

माझ्या शेजारी माझी जाऊ बसली होती, मंदावहिनी. तिने टाळ्या नाही वाजवल्या. खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, "फोन परवडला गो सुमे. माणसंच वाईट." आणि मी मान हलवली. अगदी समजूतदारपणे मान हलवली, आणि पुढ्यातलं पाणी प्याले.

हे तिथूनच सुरू करावं लागतंय, कारण सरळ मुद्द्यावर यायचा धीर होत नाहीये. येते. जरा दमाने येते.

आमचं घर रत्नागिरीपासून जवळच, खाडीच्या अंगाला. दोन भाऊ, दोन जावा, एक चूल. थोरले भावोजी, म्हणजे वहिनीचा नवरा, बोटीवर. इकडे ज्याला त्याला बोटीवर म्हणतात, पण आमचे खरोखरच मालवाहू बोटीवर, वर्षातले पुष्कळ महिने समुद्रात. आमचे हे घरी, हापूसची कलमं बघतात. आंबा आम्ही बाजारात नाही घालत, पुण्यामुंबईला थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. भावोजींनी पहिल्यांदा खोके छापून घेतले तेव्हा घरात मोबाईल एकटीकडेच होता, वहिनीकडे. म्हणून खोक्यावर नाव आणि नंबर तिचा. तोच अजून आहे. बदलायचा कसा? गिऱ्हाइकांना तोच पाठ झालाय.

आता गंमत अशी, की वहिनीला टाइप करायचा भारी कंटाळा. आणि त्या हिरव्या ॲपवर मेसेज तर हंगामात पाऊस पडल्यासारखे. मग मी पुढे झाले. घरात कॉम्प्युटरचं मला कळतं असा समज आहे, लग्नाआधी कोर्स केला होता ना! पुतणीचा, सायलीचा, जुना लॅपटॉप होता. त्याच्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आणला, वहिनीचा फोन त्याच्यासमोर धरला, आणि झालं. वहिनीला येणारे मेसेज मला ओटीवर बसून लॅपटॉपवर दिसायला लागले. मी उत्तरं द्यायची, मी पत्ते लिहून घ्यायचे, कच्चा आंबा गेला तर माफी मी मागायची. आणि शेवटी मेसेज कुणाला? "मंदाताई, आंबे काय सुंदर होते हो!" मी लिहायचे — धन्यवाद, मंदा. लिहिताना दात खायचे. खोटं कशाला बोलू?

हंगाम संपला. वहिनी म्हणाली, सुमे, आता काढ हो माझं ते तिकडून. मी म्हटलं, काढलं.

काढलं नव्हतं. आळस होता. पुढच्या वर्षी पुन्हा कोण जोडत बसणार, एवढंच तेव्हा मनात होतं. आणि वहिनीला वाटत होतं की तिकडे फक्त आंब्याचे मेसेज दिसतात. मी तिला तसं वाटू दिलं होतं. म्हणजे बघा, सुरुवात पापाने झाली नाही म्हणावं, तर तेही धड म्हणता येत नाही.

श्रावणात एकदा वीजबिल भरायला लॅपटॉप उघडला. वहिनीचे मेसेज समोरच. सगळ्यात वर 'रंजू देवरूख'. रंजना म्हणजे वहिनीची धाकटी बहीण, देवरूखला दिलेली. टाइप करायचा कंटाळा दोघी बहिणींना, त्यामुळे लिहिलेलं काही नाही, सगळं बोलून पाठवलेलं. खाली खाली जावं तेवढे ते आवाजाचे मेसेज. आणि मी एक दाबला. का दाबला? हाताशी होता, घरात सगळे दुपारचे लवंडले होते, आणि मी दाबला.

वहिनी हसत होती. अहो, ती हसते हे मला माहीत होतं, पण असं? पोट धरून, श्वास लागेपर्यंत? आमच्यासमोर ती मोजकी बोलते, थोरली ना. आणि हसत होती कशाला, तर माझी नक्कल करत होती. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी आवाज बारीक करून पुणेरी होते, "नमस्कार, बोला ना!" ते तिने असं काही करून दाखवलं की मलाच हसू फुटलं. मग पुढचं आलं. "सुमीला वाटतं घर तीच चालवते. चालवू दे गो, आपलं काय जातं! पण कालवणाला अजून चव नाय मेलीच्या." इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन, मिटक्या मारून! मी हसायची थांबले आणि मग रडले. मग इतका राग आला, इतका, की लॅपटॉप आपटून बंद केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

पुढे सवयच लागली. दुपारी सगळी निजानीज झाली की कानात इयरफोन घालायचे आणि वहिनी ऐकायची. हो, वहिनी ऐकायची — असंच म्हणावं लागेल. परसात कोंबड्यांना दाणे टाकताना ती बोलायची, त्या कोंबड्यांचा आवाजसुद्धा यायचा. मिरकरवाड्याहून आणलेली मासळी खराब निघाली, सायली पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही, कंबर दुखते पण सांगायचं कुणाला. रंजना तिकडून समजूत घालायची, मध्येच ओरडायची, "ताई, रडू नको हां! मी आता भाकऱ्या थापतेय, मला डोळे पुसता यायचे नाहीत!" काय त्यांचं प्रेम होतं हो. मला सख्खी बहीण नाही. ऐकताना मला बरं वाटायचं आणि पोटात जळायचं, दोन्ही एकदम.

नुसतं ऐकलं असतं तरी एक वेळ. पण मी वापरायला लागले. अमुक साडी आपल्याला हवीय असं ती रंजनाला बोलली, की दुकानात मी आधी तीच उचलायची. रंजनाला चार दिवस बोलवावं म्हणते, असं ऐकलं, की मी त्याच आठवड्यात माझ्या आईला बोलवायची. जागा कुठे मग? वहिनी एकदा कौतुकाने म्हणाली, सुमे, तुला माझ्या मनातलं आधीच कसं कळतं गो? मी म्हटलं, इतकी वर्षं एका चुलीवर आहोत वहिनी, कळणार नाही? लाज? छे. उलट तेव्हा मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

मग भावोजींचं आलं. एका मेसेजमध्ये वहिनी आधी कोंबड्यांना हाकलत होती. मग म्हणाली, "रंजू, ते बोटीवर नाहीत. त्यांना परत घेतलंच नाय कंपनीने. डोंबिवलीला मित्राकडे बसून आहेत, घरी यायला लाजतात. तू कुणाला बोलू नको हां. तुझ्या घरातसुद्धा नको." आमच्याकडे बोटीवरच्या माणसाचा मान काय असतो, ते इथल्यालाच कळेल. तो मान गेला की घर खाली बसतं. बिचारी महिनेच्या महिने आम्हाला सांगत होती, आता अमुक बंदरात आहेत, आता तमुक बंदरात आहेत. मी ऐकलं. आणि तेव्हा मात्र गप्प बसले. वाटलं, एवढं तरी आपण सांभाळू.

किती सांभाळलं? आंबा उतरायला लागेपर्यंत. त्या दिवशी ओटीवर खोके भरणं चाललं होतं, मदतीला वाडीतल्या दोघी होत्या. कशावरून तरी खटका उडाला. खोक्यात पेंढा जास्त झाला, कमी झाला, असलंच काहीतरी फालतू. वहिनी बोलून गेली की घरात बसून हुकूम सोडायला काय लागतं, आमच्या माणसासारखं बोटीवर जाऊन दाखवा म्हणावं. माझ्या नवऱ्याला बोलली. परक्यांसमोर बोलली. आणि माझ्या तोंडातून आलं, "बोटीवर? डोंबिवलीला बोटी लागायला लागल्या काय आताशा?"

वहिनीच्या हातात आंबा होता. तो तिने खाली ठेवला नाही, खोक्यातही ठेवला नाही. वाडीतल्या दोघी खाली बघून पेंढा चिवडत बसल्या. मी बोलले ते बोलले.

आता ऐका हं, हे विचित्र आहे. त्या गोष्टीतून चांगलंच झालं! बोभाटा व्हायचा तो झाला, आमच्या ह्यांनी त्याच दिवशी भावाला फोन लावला, दोघे भाऊ फोनवर रडले आणि भावोजी गाडी पकडून घरी आले. आता कलमांत असतात दिवसभर, पहिल्यापेक्षा तब्येत चांगली. मला म्हणाले, बरं झालं बोललीस, माझी सुटका झाली. मी किती सुखावले म्हणून सांगू! वाटलं, मिटलं. सगळं मिटलं. कुणी विचारलं नाही मला कळलं कसं.

वहिनीने विचारलं. आरडाओरडा नाही, भांडण नाही. मी तांदूळ निवडत होते, समोर येऊन बसली आणि म्हणाली, तुला कुणी सांगितलं तेवढं सांग. मी म्हटलं, लोक बोलतात वहिनी. कोण लोक? मी म्हटलं, आता एकाचं नाव काय घेऊ. ती विचार करत राहिली. मग आपणच म्हणाली, फोन ऐकतो म्हणतात, ते खरं असेल काय गो?

माझ्या पुढ्यात ताट वाढून ठेवल्यासारखंच झालं ते. मी लगेच बसले जेवायला. "खरं म्हणजे! सगळं ऐकतात वहिनी. कुठे बोललात, काय बोललात, सगळं जातं बाहेर. कुठून कुणाकडे पोहोचतं, पत्ता लागत नाही." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. जाहिरातींची दोन उदाहरणंसुद्धा दिली. वहिनीने त्या दिवसापासून फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक फोन करायचं आणि डबा वाजायचा. घरात सगळे हसायचे. मीही हसायचे.

आणि सायली सुट्टीला आली. ती पुण्याला कॉम्प्युटरचंच शिकते. डब्यातला फोन बघून तिने कपाळाला हात लावला. लॅपटॉप जोडल्याचं तिला काही माहीत नव्हतं, हंगामात ती इथे नसतेच. तिने आईला समोर बसवून समजावलं. कंपन्या माहिती गोळा करतात, हो करतात, आणि ते वाईटच आहे. "पण आई, त्यांना तुला गुडघ्याचा पट्टा विकायचा आहे. बाबांची नोकरी गेली हे काकीला येऊन सांगण्यात त्यांचा काय फायदा? हे फोनचं काम नाही. हे माणसाचं काम आहे. तू कुणाला बोलली होतीस?"

वहिनी म्हणाली, रंजूशिवाय कुणाला नाही.

स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. गॅसवर डाळ होती. आणि तिथे मी गप्प बसू शकले असते. ते पापच झालं असतं, पण निदान अर्धं. मी गप्प नाही बसले. डाळ ढवळत ढवळत म्हटलं, "रंजनाताई नाही बोलायच्या हो. पण त्यांचे यजमान सारखे येत असतात ना रत्नागिरीला, पंधरा जणांत उठणं-बसणं त्यांचं. घरात शब्द निघाला असेल एखादा." बघा कशी बोलले! रंजनाची बाजू घेऊन बोलले. तो गरीब माणूस — त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. रंजनाने शब्द पाळला होता, घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. हे मला माहीत होतं. पृथ्वीच्या पाठीवर त्या दोघींशिवाय मला एकटीला माहीत होतं.

वहिनीने तिथेच फोन लावला. मी भांडी घासायला घेतली होती, तो नळ मी बंद केला. ऐकू यावं म्हणून. वहिनी फार काही बोलली नाही. तू मला उघडं पाडलंस, आजपासून मी तुझी कोण नाही आणि तू माझी कोण नाहीस — असं म्हणाली आणि फोन ठेवला. मग पाटावर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. तिने माझा हात धरला. माझा!

त्यानंतर रंजनाचे फोन यायचे, वहिनी उचलायची नाही. मग बोलून पाठवलेले मेसेज यायला लागले. वहिनी तेही उघडायची नाही. लॅपटॉपवर ते तसेच साचत गेलेले मला दिसायचे. रंजनाने स्वतः यावं, तर तिच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. हेही मला आधीचे मेसेज ऐकूनच माहीत.

इथवर सांगितलं ते सगळं मी कदाचित कधीतरी वहिनीला सांगितलं असतं. पाय धरले असते, तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या, कालवणाचा उद्धार केला असता, आणि आमचं पुन्हा चाललं असतं. खरी गोष्ट पुढे आहे. तिच्याच भोवती मी मघापासून फिरतेय.

आजवर मी एक काळजी घ्यायची. रंजनाचा मेसेज वहिनीने आधी ऐकला की मगच मी ऐकायची. कारण मी आधी ऐकला असता तर तिकडे रंजनाच्या फोनवर खूण निळी झाली असती, म्हणजे मेसेज ऐकला गेला. हे साचलेले मेसेज मी म्हणूनच उघडत नव्हते. पण एका दुपारी नाही राहवलं. म्हटलं, माझं नाव तर घेत नाही ना ती? शेवटचा मेसेज दाबला.

रंजना रडत नव्हती. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं बोलत होती. "ताई, मी देवाशप्पथ कुणाला बोलले नाय. माझ्या मुलाने सांगितलं म्हणून सांगतेय. तुझा फोन दुसरीकडे कुठे जोडलेला असला तर तिकडे सगळं दिसतं म्हणे. मला कुणावर आळ घ्यायचा नाय. तू फक्त बघ. ते ॲप उघड. वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, ती दाब. खाली जोडलेली डिव्हाइस म्हणून असेल, ते दाब. तिथे काय नसलं तर मी पुन्हा तुला फोन करायची नाय. पण एकदा बघ गो ताई. माझ्यासाठी बघ."

एवढंच. तीन टिंबं. वहिनीने तीन टिंबं दाबली असती तर तिथे आमचा लॅपटॉप दिसला असता.

मी तो मेसेज पुसून टाकला. लॅपटॉपवर पुसला की वहिनीच्या फोनवरूनही जातो, मला माहीत होतं. त्याच्या मागचेही एकेक करून सगळे पुसले, न ऐकता. मग जोडणी काढून टाकली. हंगाम संपल्यावर "काढलं" म्हणाले होते ना, ती तेव्हा काढली. नंतर उठून चहा केला, वहिनीलाही दिला.

पण खूण? ती तिकडे निळी झाली होती. रंजनाला काय दिसलं? आपल्या बहिणीने सगळं ऐकलं. तीन टिंबांपर्यंत ऐकलं. आणि उत्तर दिलं नाही. त्यानंतर देवरूखहून एकही मेसेज आला नाही. दोघीही मानी, दोघींचं बरोबर. एक समजते बहिणीने मला विकलं, दुसरी समजते बहिणीने ऐकून ऐकलं नाही. मध्ये कुठली कंपनी नाही, कुठला हॅकर नाही. मी आहे.

आणि मला काय मिळालं, तेही सांगून टाकते. वहिनी मिळाली. आता ती सगळं मला सांगते. कोंबड्यांना दाणे टाकताना हाक मारते, सुमे, ये गो जरा, बस. कंबर, सायली, भावोजींचा पथ्यपाण्याचा हट्ट. आताशा पोट धरून हसतेसुद्धा माझ्यासमोर, शेजारणीची नक्कल करून. मला हेच हवं होतं हो! ते चोरून ऐकताना जे पोटात जळायचं, ते ह्यासाठीच जळायचं. मिळालं. दुसरीच्या ताटातलं ओढून मिळालं, आणि मी ते रोज खाते.

यंदा रंजनाच्या मुलाचं लग्न झालं, देवरूखला. पत्रिका घराच्या नावाने आली. वहिनी म्हणाली, मी जायची नाय, पण घरचं कुणीतरी दिसायला हवं, तू जा. आम्ही नवरा-बायको गेलो. रंजना हॉलच्या दारात उभी होती, केस पार पांढरे झालेले. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या मागे बघत होती. गाडीतून आणखी कुणी उतरतंय का ते. कुणी उतरलं नाही. मग हसून म्हणाली, या, या.

जेवणं झाल्यावर तिने मला आतल्या खोलीत नेलं, कुंकू लावलं, नारळाने ओटी भरली. वाकून नमस्कार करायला गेले तर मला धरलं. आणि हळूच विचारलं, "सुमन, माझा तो मेसेज ताईने ऐकला होता ना? ऐकल्याची खूण आलेली मला."

खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर फोटोसाठी हाका चालल्या होत्या. एक शब्द होता. तो बोलायला यापेक्षा चांगली जागा, चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो. ऐकला होता."

तिने मान हलवली. पदराने माझ्या कपाळावरचं जास्तीचं कुंकू नीट पुसलं आणि बाहेर गेली.

घरी आले तेव्हा वहिनी मागच्या दारी वाट बघत उभी होती. साडी बदलायलासुद्धा थांबू दिलं नाही. मुलगी कशी आहे, जेवण कसं होतं, किती माणूस होतं, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग दुसरीकडेच बघत म्हणाली, "रंजूने माझं काही विचारलं काय गो?"

मी म्हटलं, "नाही."